विश्लेषण : पावणेदोन लाखांच्या सेंट लुशियाला सुवर्ण, १४० कोटींच्या भारताला नाही; ही तुलना कुठे चुकते?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३ ऑगस्ट २०२४ च्या रात्री महिलांची १०० मीटर शर्यत झाली. पावसाने ओल्या झालेल्या ट्रॅकवर ज्युलियन आल्फ्रेडने १०.७२ सेकंदांत अंतर कापले आणि सुवर्णपदकाची मोठी दावेदार मानली जाणारी अमेरिकेची शाकॅरी रिचर्डसन मागे पडली. कॅरेबियन समुद्रातील सेंट लुशिया या बेटाचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक होते, आणि तेही थेट सुवर्ण. तीन दिवसांनी आल्फ्रेडने २०० मीटरमध्ये रौप्यही जिंकले.

भारत पॅरिसहून एक रौप्य आणि पाच कांस्य अशी सहा पदके घेऊन परतला. पदकतालिकेत तो ७१ वा होता आणि सेंट लुशिया त्याच्या वर. मग समाजमाध्यमांवर तो नेहमीचा तक्ता फिरू लागला. एका बाजूला लाखांतली लोकसंख्या आणि सुवर्ण, दुसऱ्या बाजूला १४० कोटी आणि शून्य सुवर्ण. खाली ‘लाज वाटली पाहिजे’ छापाची एक ओळ. दर ऑलिम्पिकनंतर देशांची नावे बदलतात, तक्ता तोच राहतो.

त्यातले आकडे खरे असतात, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकतो, छोटे देश पदके नेमकी कशी जिंकतात आणि त्या पदकानंतर त्यांच्या हाती काय उरते, ते पाहू.

सेंट लुशिया आहे तरी केवढा?

क्षेत्रफळ ६१७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास बृहन्मुंबईएवढे. लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. राजधानी कॅस्ट्रीज. १९७९ मध्ये ब्रिटनपासून स्वातंत्र्य मिळाले. त्याच वर्षी बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि १९९२ मध्ये कवी डेरेक वॉलकॉट यांना साहित्याचे.

भारतीय क्रिकेटप्रेमींनी हे बेट टीव्हीवर पाहिलेले आहे. २४ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा कुटल्या, ते मैदान याच बेटावरच्या ग्रोस आयलेटचे. मैदानाला नाव डॅरेन सॅमीचे. सॅमी सेंट लुशियाचाच. त्याच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजने २०१६ मध्ये वानखेडेवर उपांत्य सामन्यात भारताला हरवले आणि पुढे विश्वचषक जिंकला. वानखेडेवर त्या रात्री अर्धशतक ठोकणारा सलामीवीर जॉन्सन चार्ल्सही याच बेटाचा.

क्रिकेटमध्ये वेस्ट इंडिज, मग ऑलिम्पिकमध्ये सेंट लुशिया कसा?

वेस्ट इंडिज हा देश नाही. अनेक स्वतंत्र देश आणि काही प्रदेश यांचा तो सामायिक क्रिकेट संघ आहे. ऑलिम्पिकमध्ये मात्र प्रवेश मिळतो तो राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला. अशा २०६ समित्यांना सध्या मान्यता आहे आणि जमैका, बार्बाडोस, ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट लुशिया अशा प्रत्येकाची समिती वेगळी आहे.

अपवाद एकदाच झाला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ‘वेस्ट इंडिज फेडरेशन’ या अल्पायुषी संघराज्याचा एकत्र संघ उतरला आणि त्याने दोन कांस्यपदके जिंकली. १९६२ मध्ये ते संघराज्यच मोडले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट परतते आहे, त्यामुळे तिथे ‘वेस्ट इंडिज’ म्हणून कोणाला खेळता येणार, हा पेच पुन्हा उभा राहिला.

सेंट लुशिया ऑलिम्पिकमध्ये स्वतःच्या झेंड्याखाली पहिल्यांदा उतरला १९९६ मध्ये, अटलांटाला. तेव्हापासून टोकियोपर्यंत सात ऑलिम्पिक झाली, पण हाती एकही पदक लागले नाही. सोशल मीडियावरच्या तक्त्यात ही सात रिकामी वर्षे कधीच नसतात.

इतक्या छोट्या देशांना प्रवेश मिळतो तरी कसा?

त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला सगळ्यांसाठी सारखा : ठरवून दिलेली वेळ किंवा अंतर गाठा, नाहीतर जागतिक क्रमवारीत वर या. आल्फ्रेडने हाच रस्ता घेतला.

दुसरा रस्ता सर्वसमावेशकतेच्या जागांचा. ऑलिम्पिक म्हणजे केवळ श्रीमंत देशांचा मेळा होऊ नये, म्हणून ज्या देशांचे खेळाडू पात्र ठरलेले नसतात त्यांना ॲथलेटिक्स, जलतरण अशा खेळांत मोजक्या जागा दिल्या जातात. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली इक्वेटोरियल गिनीचा एरिक मूसांबानी अशाच जागेवर आला होता. १०० मीटर फ्रीस्टाइलच्या त्याच्या प्राथमिक फेरीतले बाकीचे दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले आणि तो एकटाच पोहला. वेळ लागला १ मिनिट ५२.७२ सेकंद, म्हणजे विजेत्याच्या दुपटीहून अधिक. तरी अख्खे प्रेक्षागृह त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

छोट्या देशांच्या संघांतले बरेच खेळाडू या दुसऱ्या रस्त्याने येतात आणि पहिल्या फेरीतच परततात. त्यांची बातमी होत नाही. ऑलिम्पिकमध्ये उतरणाऱ्या साठाहून अधिक देशांना आजवर एकही पदक मिळालेले नाही. त्यात मालदीव आणि भूतान आहेत, तसाच सुमारे १७ कोटींचा बांगलादेशही आहे. म्हणजे देश छोटा असण्याचा काही फायदा होतो असे नाही. जे थोडे जिंकतात तेवढेच आपल्याला दिसतात.

ज्युलियन आल्फ्रेड घडली कुठे?

जन्म कॅस्ट्रीजचा, २००१ चा. लहानपणी ती अनवाणी, शाळेच्या गणवेशात धावायची, असे तिनेच सांगितले आहे. बारा वर्षांची असताना वडील गेले आणि काही काळ तिने धावणेच सोडले. बेटावरच्या प्रशिक्षकाने समजूत घालून तिला परत आणले.

चौदाव्या वर्षी ती एकटी जमैकाला शिकायला गेली. तिथल्या शालेय ॲथलेटिक्सला मोठी परंपरा आहे. ‘चॅम्प्स’ या नावाने ओळखली जाणारी आंतरशालेय स्पर्धा १९१० पासून होते आणि ती पाहायला किंग्स्टनचे राष्ट्रीय स्टेडियम भरते. आपल्याकडे शालेय क्रिकेटची हॅरिस ढाल जशी चर्चेत असते, तशी तिथे शाळकरी मुलांची धाव.

त्यानंतर अमेरिका. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला आणि एड्रिक फ्लोरियाल यांचे मार्गदर्शन. अमेरिकी विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. शिक्षण, जेवण, ट्रॅक, फिजिओ, दर आठवड्याला स्पर्धा हे सगळे त्यातच येते. भारताचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर याच व्यवस्थेतून, कॅन्सस स्टेट विद्यापीठातून गेला. मार्च २०२४ मध्ये आल्फ्रेड ६० मीटरची जागतिक इनडोअर विजेती झाली आणि पाच महिन्यांनी ऑलिम्पिक विजेती.

ही साखळी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. मुलगी सेंट लुशियाची, तिच्यातला वेग हेरणारी माणसे सेंट लुशियाची, पण तिला घडवणारी यंत्रणा जमैकाची आणि अमेरिकेची. तिच्या आधी उंच उडीपटू लेव्हर्न स्पेन्सरही अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातून घडली. तिने २०१६ मध्ये रिओत अंतिम फेरी गाठली आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले.

बाकीचे छोटे देशही असेच जिंकतात का?

बरेचसे असेच. आल्फ्रेड जिंकली त्याच संध्याकाळी, तिच्या थोडे आधी, डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटरसह सुवर्ण जिंकले. तेही त्या देशाचे पहिलेच पदक. डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. हे पाऊण लाखाहून कमी वस्तीचे वेगळे बेट आहे. लाफाँड लहानपणीच अमेरिकेत गेली, तिथेच शिकली आणि तिथल्या शाळेत शिकवतही होती.

भालाफेकीत नीरज चोप्राच्या शेजारी पोडियमवर उभा होता तो अँडरसन पीटर्स ग्रेनाडाचा. पाकिस्तानच्या अर्शद नदीमचे सुवर्ण आणि नीरजचे रौप्य यांच्या चर्चेत त्याचे कांस्य भारतात कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही. पण २०२२ च्या जागतिक स्पर्धेत नीरजला मागे टाकून सुवर्ण जिंकणारा हाच. त्याचेही शिक्षण अमेरिकी विद्यापीठात झाले. ग्रेनाडाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे आणि पॅरिसमध्ये त्यांना दोन कांस्ये मिळाली.

टोकियोत सुमारे ३४ हजार लोकवस्तीच्या सान मारिनोने पाच खेळाडू पाठवून तीन पदके जिंकली. त्यांतले एक भारताला चांगलेच लागले. ८६ किलो कुस्तीच्या कांस्यपदकाच्या लढतीत दीपक पुनिया शेवटच्या काही सेकंदांपर्यंत पुढे होता आणि त्याला हरवले सान मारिनोच्या माइल्स अमीनने. अमीन अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जन्मला आणि तिथेच कुस्ती शिकला. आईकडच्या नात्यामुळे तो सान मारिनोकडून खेळला.

अपवादही आहेत. सुमारे नऊ लाखांच्या फिजीने रग्बी सेव्हन्समध्ये २०१६ आणि २०२१ ला सुवर्ण आणि २०२४ ला रौप्य जिंकले. तिथे रग्बी गावागावांत खेळली जाते. पण एकाच खेळावर अख्ख्या देशाने जीव टाकावा, असे उदाहरण विरळाच.

मग ‘दरडोई पदके’ या हिशेबात चूक काय?

साधे गणित करून पाहू. सेंट लुशियाची दोन पदके म्हणजे दर ९० हजार लोकांमागे एक. भारताची सहा म्हणजे दर २३ कोटींमागे एक. फरक प्रचंड दिसतो.

आता उलट बाजूने. पॅरिसमध्ये सर्व खेळांत मिळून साधारण १,०४० पदके वाटली गेली. समजा, ती सगळीच्या सगळी भारताने जिंकली असती. तरी हिशेब येतो तेरा-साडेतेरा लाखांमागे एक पदक. म्हणजे एकही पदक दुसऱ्या कोणाला न देता भारत सेंट लुशियाच्या मागेच राहिला असता. १२६ पदके जिंकणारी अमेरिका या यादीत २६-२७ लाखांमागे एक अशी, चीन दीड कोटीमागे एक असा. ज्या यादीत सगळे जिंकूनही वर जाता येत नाही, ती यादी कोणाच्याच क्रीडासंस्कृतीचे माप सांगत नाही.

त्यात आणखी दोन गोष्टी. एका देशाला किती खेळाडू पाठवता येतील यावर मर्यादा आहे. ॲथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारात जास्तीत जास्त तीन. लोकसंख्या शंभरपट असली म्हणून धावपटू शंभरपट उतरवता येत नाहीत. दुसरे, हॉकीच्या संपूर्ण संघाचे पदक तालिकेत एकच धरतात आणि दहा-अकरा सेकंदांच्या शर्यतीचेही एकच. छोट्या देशाला हॉकीचा संघ उभा करणे अवघड, पण एक विलक्षण धावपटू पुरतो.

तालिकेतल्या क्रमांकाचेही तसेच. क्रम आधी सुवर्णांवर ठरतो, म्हणून एका सुवर्णाचा पाकिस्तान सहा पदकांच्या भारताच्या वर दिसला. आल्फ्रेड त्या रात्री तिसरी आली असती, तर सेंट लुशिया भारताच्या खाली गेला असता. तेवढ्याने दोन्ही देशांची क्रीडाव्यवस्था कालच्यापेक्षा चांगली किंवा वाईट ठरली नसती.

म्हणजे भारताने स्वतःला प्रश्न विचारूच नये का?

जरूर विचारावा, पण तो वेगळा असायला हवा. ‘१४० कोटींत एक सापडत नाही का’ यापेक्षा ‘१४० कोटींतल्या किती मुलांना ट्रॅकवर कधी पाय ठेवता येतो’ हा प्रश्न उपयोगाचा आहे. वेगाने धावणारी मुलगी प्रत्येक तालुक्यात जन्मते. ती कोणाला दिसते का, दिसली तर पुढे तिला कुठे पाठवायचे हे कोणाला ठाऊक असते का आणि पाठवायला पैसे असतात का, या तीन पायऱ्यांवर बहुतेकजणी गळतात.

महाराष्ट्राने याची दोन्ही रूपे पाहिली आहेत. १९५२ मध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले. ते कांस्य घेऊन आले. त्यानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकणारा महाराष्ट्राचा पुढचा खेळाडू उगवायला ७२ वर्षे गेली. १ ऑगस्ट २०२४ रोजी, आल्फ्रेडच्या शर्यतीच्या दोनच दिवस आधी, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले. राधानगरी तालुक्यातला हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि नंतर रेल्वेच्या नोकरीने त्याला आधार दिला. खाशाबांच्या मागे माणसे होती, कुसाळेच्या मागे माणसांसोबत व्यवस्थाही होती. ती व्यवस्था किती मुलांपर्यंत पोहोचते, ते मोजायला हवे.

पदकाने सेंट लुशियाला काय मिळाले?

आनंद तर मिळालाच. सप्टेंबर २०२४ मध्ये आल्फ्रेड मायदेशी परतली तेव्हा तिच्या नावाचा दिवस साजरा झाला. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने पॅरिसपासून सुवर्णविजेत्यांना ५० हजार डॉलरचे बक्षीस सुरू केले, तेही तिला मिळाले.

पण शर्यत संपल्यावर काही मिनिटांतच तिने जी इच्छा बोलून दाखवली ती वेगळी होती. आपल्याकडे धड सुविधा नाहीत, या सुवर्णामुळे देशात नवे स्टेडियम उभे राहावे आणि खेळ वाढावा, असे ती म्हणाली.

तिच्या या बोलण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. बेटाच्या दक्षिणेला व्ह्यू फोर इथे जॉर्ज ओडलम स्टेडियम आहे. सप्टेंबर २००९ मध्ये जवळचे सेंट ज्यूड रुग्णालय आगीत जळाले आणि रुग्णांना तात्पुरते या स्टेडियममध्ये हलवले. रुग्णालयाची पुनर्बांधणी रखडत गेली आणि ‘तात्पुरते’ दशकाहून अधिक लांबले. जिथे मुलांनी धावायचे तिथे बाह्यरुग्ण विभाग आणि खाटा. यात दोष कोणाचा यावर तिथे निवडणुका गाजल्या. छोट्या देशात एक रुग्णालय जळाले की एक स्टेडियमही जाते, कारण दुसरी मोठी इमारत नसते.

म्हणजे १०० मीटरची ऑलिम्पिक विजेती ज्या देशाची, त्या देशातल्या पुढच्या मुलीलाही जमैकाला किंवा अमेरिकेलाच जावे लागणार, असा हा पेच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा ‘ऑलिम्पिक सॉलिडॅरिटी’ निधी अशा देशांना मदत करतो. २०२१ ते २०२४ या काळासाठी त्यात ५९ कोटी डॉलर होते. पण ते दोनशेहून अधिक समित्यांमध्ये वाटायचे असतात. त्यातून खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षकांचे वर्ग होतात. स्टेडियम आणि रुग्णालय ही जबाबदारी देशाचीच राहते.

पुढे काय?

आल्फ्रेडची दौड थांबलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत तिने १०० मीटरमध्ये कांस्य जिंकले. लॉस एंजेलिसला ती पुन्हा दावेदारांत असेल. त्या वेळी सेंट लुशियाचे यश मोजायचे तर तिच्या पदकांपलीकडे दोन गोष्टी पाहाव्या लागतील : तिच्या सोबत त्याच बेटावर घडलेली दुसरी कोणी आहे का, आणि व्ह्यू फोरच्या मुलांना धावायला ट्रॅक मिळाला का.

भारतासाठीही हेच माप आहे. २०२८ मध्ये तो तक्ता पुन्हा फिरेल आणि त्यात भारताच्या वर एखाद्या नव्या चिमुकल्या देशाचे नाव असेल. तेव्हा तक्ता पुढे पाठवण्याआधी आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात किती मुली रोज धावायला येतात, ते एकदा जाऊन पाहता येईल. लोकसंख्येच्या भागाकारापेक्षा तो आकडा जास्त काही सांगेल.